गोदूची होडी

आमच्या माडीवरच्या खोलीत तेजस्वी आणि नबीला या दोन मुली एक गेम तयार करत होत्या. कॉम्प्युटरवर खेळायचा गेम. माझ्यासारख्या म्हाताऱ्याने त्याविषयी लिहावं का, हा प्रश्न मला आत्ताही पडलेला आहे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं. पुस्तक वाईट निघालं तर मी ते मुकाट्याने मिटून कपाटात ठेवतो. कुणाला सांगायला जात नाही, कारण दोष पुस्तकाचा की माझा हे मला कधी नक्की ठरवता आलेलं नाही. पण या गेमची मला किळस आली होती, आणि ती गिळून बसायची सोय नव्हती.

तेजस्वी मिरकरवाड्यातली, काशीराम तांडेलांची मुलगी. कॉलेजात असताना ती ग्रंथालयात कोपऱ्यातल्या टेबलावर बसायची, म्हणून माझी ओळख. पुण्याला गेम बनवणाऱ्या कंपनीत तिला नोकरी लागली, तिथे तिला जयगडची नबीला भेटली, आणि एके दिवशी दोघी नोकरी सोडून परत आल्या. स्वतःचा गेम करायचा म्हणाल्या. तेजस्वीच्या घरात जाळी आणि माणसं यांतून जागा उरत नव्हती. नबीला मांडवीला मावशीकडे राहत होती, तिथे लहान मुलं. तेजस्वीने भीत भीत माडीचं विचारलं आणि मी काही बोलायच्या आत माझी बायको कमळा म्हणाली, "घे की. नाहीतरी वर यांची पुस्तकं वाळवी खात्ये. तेवढीच माणसांची वर्दळ."

गेममध्ये गोदू नावाची मुलगी आहे. तिचा बाप मचवा घेऊन गेला तो परतला नाही. त्याला शोधत गोदू एकटी छोट्या होडीतून खाडीमागून खाडी, गावामागून गाव जाते. सात गावं आहेत. सातव्या गावात काय होतं ते मुली सांगत नसत.

चित्रं नबीलाची. चित्रं म्हणणंही कमी आहे, कारण त्यातलं सगळं हलतं. जांभ्याच्या गडग्यावर शेवाळ, काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील, मशिदीच्या मागून उतरणारी संध्याकाळ, ओहोटीला कांदळवनाच्या मुळांत उरलेलं पाणी आणि त्यात थरथरणारं आभाळ. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा चष्मा काढून पुसला. काचेवर काहीच नव्हतं.

माझाही एक हात त्यात लागला होता. आमच्याकडे कुठल्याही कामाला सुरुवात करण्याआधी देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एकजण मोठ्याने मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार देतात. गोदू पाण्यात होडी घालण्याआधी घाटावर गाऱ्हाणं व्हावं, अशी तेजस्वीची कल्पना. तिने मला विचारलं. माझं लहानपण वेळणेश्वरला गेलं, देवळात ऐकलेलं बरंच डोक्यात होतं. मी चांगलं लांबलचक गाऱ्हाणं लिहून दिलं. ते वाचूनही मलाच दाखवायला लागलं, आणि माझा आवाज नबीलाला इतका आवडला की तिने तोच ठेवला.

शिवाय मी एक नियमही सांगितला होता. आमच्या गावी गाऱ्हाणं मध्ये तोडत नसत. कुणी मध्येच बोललं, होकार चुकला, तर ते तुटलं असं धरून पुन्हा पहिल्यापासून घालत. तेजस्वीने विचारलं होतं, "काका, थोडं लहान केलं तर?" मी म्हणालो होतो, "मग ते गाऱ्हाणं राहणार नाही." इतक्या ठामपणे मी क्वचितच काही बोलतो. बोलल्याचा मला थोडा अभिमानही वाटला होता.

दिवाळीनंतर ठरलं की बंगळूरच्या एका कंपनीला गेम पाठवायचा. शुक्रवारी. त्यांना आवडला तर ते तो जगभर लोकांपर्यंत नेणार. एकदा नाकारलेला गेम ते पुन्हा बघत नाहीत, असं तेजस्वी म्हणाली. नाकारला तर तिला परत पुण्याची नोकरी, आणि नबीलाच्या घरी तर स्थळं बघणं सुरूच झालं होतं. तिच्या अब्बूंनी दिलेली मुदत या गेमवर टांगलेली होती.

येणारा-जाणारा गेम बघून थक्क व्हायचा. कमळाच्या भिशीतल्या बायका वर गेल्या, गोदूची होडी घाटावरून पाण्यात उतरली तेवढं बघितलं आणि "अगंबाई, हे तर आपलं जयगड!" म्हणून खाली चहाला आल्या. काशीराम आले, होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कसं असतं त्यावर बोलले, डोळे पुसत गेले. सगळ्यांनी बघितला. खेळलं कुणी नाही.

रविवारी सकाळी तेजस्वी माझ्याकडे आली.

"काका, तुम्ही जाडी जाडी पुस्तकं शेवटपर्यंत वाचता ना? मग हा शेवटपर्यंत खेळा आणि सांगा. खरं सांगा हां. आम्ही दोघी आता गेमच्या इतक्या जवळ आहोत की आम्हाला काही दिसतच नाही."

"मला जमेल का?"

"जमेल हो. लहान पोरंसुद्धा खेळतात."

कमळा भाजी निवडत होती. "पोरं खेळतात," ती म्हणाली, "यांना टीव्हीचा रिमोट अजून उलटा धरायची सवय आहे."

दुपारी मुली जेवायला आपापल्या घरी जात, त्या वेळात मी वर जाऊन खेळायचो. कंट्रोलर दोन्ही हातांत धरायचा. डाव्या अंगठ्याने होडीचं तोंड फिरवायचं, उजव्या बोटाने वल्हं मारायचं. अंगठा हलवला की होडी लगेच वळत नाही. थोडी थांबते, विचार केल्यासारखं करते, मग वळते, आणि वळायला लागली की थांबत नाही. खाडीच्या तोंडाशी खडक आहेत. एकाला घासली की फुटते. गोदू बुडते. तेही फार सुंदर बुडते. केस पाण्यात पसरतात, वरून उन्हाची तिरीप खाली येते. मग पुन्हा घाट, पुन्हा तीच सकाळ, आणि माझाच आवाज:

"बा खाडीच्या धन्या, आज ही लेक तुझ्या पाण्यात होडी घालत्ये. तिची वाट सरळ कर रे म्हाराजा!"

इथे बटण दाबून आपण 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. लवकर दाबलं किंवा उशिरा दाबलं तर माझा आवाज थांबतो, जरा खाकरतो आणि पुन्हा 'बा खाडीच्या धन्या' पासून सुरू होतो. ते खाकरणं खरंच माझं होतं. वाचून दाखवताना घशात काहीतरी अडकलं होतं आणि नबीलाला तेही आवडलं होतं.

पहिल्या दिवशी मी स्वतःला दोष दिला. बोटं म्हातारी, नजर मंद. लायब्ररीत विद्यार्थ्यांना पुस्तक शोधून देतानाही मी चुकीच्या खणात हात घालायचो. दुसऱ्या दिवशीही स्वतःलाच दोष दिला, पण आता त्यात चीड होती. होडी फुटायची, गाऱ्हाणं व्हायचं, होडी फुटायची. एकदा फार प्रयत्नाने मी दुसऱ्या गावाच्या धक्क्याजवळ पोहोचलो. धक्का हाताला लागणार इतका जवळ होता, त्यावर शेवंतीच्या रंगाचं ऊन पडलेलं, एक म्हातारी गोदूकडे बघून हात हलवत होती. होडी धक्क्याला आपटली आणि फुटली. हळू लागायला हवी होती म्हणे. मी परत पहिल्या गावाच्या घाटावर. म्हातारी गेली, ऊन गेलं, आणि मी खाकरलो.

तिथे मला पहिल्यांदा मळमळलं. खरोखर, पोटात. गोडाचं ताट समोर ठेवून प्रत्येक घासाला कुणी थोबाडीत मारावी आणि पुन्हा पहिला घास भरवावा, तसं काहीतरी. ते शेवाळ आता मला ओलं आणि बुळबुळीत दिसायला लागलं. पाण्यातलं आभाळ तेलाच्या तवंगासारखं. आणि माझा आवाज! अंगावर काटा आणणारा म्हणून ज्याचं मला कौतुक होतं, तो आता एखादा पाहुणा जेवून गेल्यावरही दारात उभा राहून बोलत असावा तसा वाटत होता. संध्याकाळी मी पाय मोकळे करायला भाट्याच्या पुलाकडे गेलो. सूर्य खाडीच्या तोंडाशी टेकला होता, होड्या परत येत होत्या, लोक मोबाईल वर धरून फोटो काढत होते. मी तोंड फिरवलं. मला ते बघवेना. वाटत होतं, आता कुठूनतरी कुणीतरी खाकरणार.

मंगळवारी मुली मारुती मंदिरला लॅपटॉप दुरुस्तीला देऊन येतो म्हणून गेल्या होत्या. मी वर खेळत होतो आणि नबीलाचा भाऊ तन्वीर आला. तो जयगडच्या बंदरात कामाला आहे, सुट्टीच्या दिवशी तिला भेटायला आला होता. गेम खेळण्यात तो पटाईत, असं नबीला नेहमी सांगायची.

"काका, द्या इकडं. तुमचं वय नातवंडांना खेळवायचं."

मी कंट्रोलर दिला. मला वाटलं, आता बघू या खरा खेळणारा कसा खेळतो. त्याने गाऱ्हाण्याला एक बटण दाबलं, मग दुसरं, मग सगळी.

"हे पुढं कसं ढकलायचं?"

"ढकलता येत नाही."

"येत नाय म्हंजे?"

"गाऱ्हाणं मध्ये तोडायचं नसतं."

"असं कोन म्हनलं?"

"मीच म्हटलं."

त्याने एक होकार चुकवला. आवाज खाकरला आणि पुन्हा सुरू झाला.

"या अल्ला! आनि हा बोंबलतोय कोन?"

"तोही मीच."

तन्वीरने माझ्याकडे बघितलं. "सॉरी काका," तो म्हणाला. "आवाज चांगला हाय. पन नको तितका हाय."

पहिल्या खाडीतून तो सुटला, माझ्यापेक्षा फार लवकर. मला आनंद झाला. म्हणजे दोष माझाच. मग दुसऱ्या गावाच्या धक्क्यावर त्याची होडी आपटली. घाट. गाऱ्हाणं. पुन्हा धक्का. पुन्हा घाट. तिसऱ्यांदा तो वाटेतच खडकावर गेला आणि त्याने कंट्रोलर गादीवर फेकला.

"चित्रां एक नंबर. पन हा गेम नाय काका, शिक्षा हाय. चित्रां बघायला कोन जेलात जाईल काय?"

"मग तू नबीलाला सांग ना."

"मी सांगू? बहिणीनं डोळं फोडून काम केलान. घरात तिच्यासाठी मी अब्बूंशी भांडलो. आता मीच सांगू, घान हाय?"

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मुली आल्या. नबीलाने भावाच्या हातात गार सरबताची बाटली दिली आणि विचारलं, "खेळलास? कसा वाटला?"

"एकदम भारी!" तन्वीर म्हणाला. "खल्लास!"

आणि बाटली तोंडाला लावून, तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत राहिला. त्याची नजर स्पष्ट होती. ते काम त्याने माझ्याकडे सोपवलं होतं.

तो गेल्यावर आधी मला सुटल्यासारखं वाटलं. दोष माझ्या बोटांचा नव्हता. मग लक्षात आलं की न बोलायला माझ्याकडे तेवढी एकच सबब होती आणि तीही गेली.

बुधवारी मी वर गेलो. पूर्ण वाक्य तयार केलं होतं. 'तेजस्वी, गेमचं रूप फार देखणं आहे, परंतु खेळताना काही अडचणी जाणवतात.' तेजस्वी स्क्रीनला नाक लावून बसली होती. डोळ्यांखाली काळं. तिने मान वर केली आणि म्हणाली, "काका! कुठपर्यंत आलात? छान चाललंय ना?"

"छान," मी म्हणालो आणि खाली आलो.

कमळा ओसरीवर तांदूळ पाखडत होती. "काय झालं?"

"छान म्हणून आलो."

"म्हणणारच." तिने सूप खाली ठेवलं. "लग्नानंतर माझी आमटी खारट व्हायची, आठवतं? तुम्ही मुकाट्याने ओरपायचा. मी म्हणायची, वाढू आणखी? तर तुम्ही वाटी पुढे करायचा. माझा भाऊ आला तेव्हा त्याने पहिल्या घासाला ताट सरकवलं. तोवर मी ती आमटी आख्ख्या आळीला शिकवली होती."

"मला तुला दुखवायचं नव्हतं."

"दुखवायचं नव्हतं!" ती म्हणाली. "आळीभर हसं झालं त्याचं काय? ती पोर शुक्रवारी आमटी बंगळूरला धाडत्ये. आता बघा बाई तुमचं तुम्ही."

गुरुवारी सकाळी मी वर गेलो तेव्हा तयार वाक्य कुठलंच नव्हतं. तेजस्वी टेबलाशी होती, नबीला खाली चटईवर बसून कॉम्प्युटरच्या पाटीवर चित्र काढत होती. मी दाराशीच उभा राहिलो.

"बसा ना काका," तेजस्वी म्हणाली. "कितव्या गावात आहात?"

"दुसऱ्या. म्हणजे दुसऱ्याच्या जवळ."

"इतक्या दिवसांत?" ती हसली. "सवय नाही तुम्हाला. होईल."

"तेजस्वी, मला तो खेळताना किळस येते."

शब्द असा सरळ बाहेर पडेल असं मला वाटलं नव्हतं. नबीलाचं पेन थांबलं.

"किळस?" तेजस्वी म्हणाली. "कंटाळा म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही. कंटाळा आला तर मला झोप येते. हे पोटात ढवळतं. होडी माझं ऐकत नाही. धक्क्याला लागली तरी फुटते. मग मागे. मग गाऱ्हाणं. ही इतकी सुंदर गावं मला आता बघवत नाहीत. सोमवारी भाट्याला सूर्यास्तसुद्धा बघवला नाही."

तिचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. "समुद्र सोपा नसतो काका. माझ्या बाबांना विचारा. खाडीच्या तोंडातून होडी काढताना अजून त्यांचे दात आवळलेले असतात. मला ते लोकांना द्यायचंय. नुसती मजा नाही द्यायची."

मी मान हलवली. तिचं खरं असेल असं क्षणभर वाटलंही. समुद्राविषयी मला काय माहीत? मी आयुष्यभर त्याच्या काठावर बसून पुस्तकं वाचली.

"पण समुद्र," मी म्हणालो, "बुडवल्यावर दर वेळी भाषण नाही ठोकत."

नबीला फस्सकन हसली आणि तिने तोंडावर हात ठेवला. तेजस्वीने तिच्याकडे रागाने बघितलं.

"भाषण तुमचंच आहे ते! तोडायचं नाही असं तुम्हीच सांगितलंत. मी लहान करू का विचारलं होतं."

"हो. विचारलं होतंस."

"मग?"

ती म्हणत होती ते अक्षर अक्षर खरं होतं. मी तिथून निघून जाणारच होतो. पण वाचकाची एक वाईट खोड असते, समजलं नाही तर मागची पानं उलटायची. मी विचारलं, "तू स्वतः खेळतेस तेव्हा पूर्ण ऐकतेस का?"

"मी?" ती वैतागून म्हणाली. "मला दिवसातून पन्नासदा चालवून बघायला लागतं. ऐकत बसले तर काम कधी करू? मी एक कळ दाबते, सरळ पाण्यात."

"म्हणजे तोडतेस."

तिने नजर स्क्रीनकडे वळवली.

"आणि खडकाला लागलीस की?" मी विचारलं. तिला कोंडीत पकडायचं नव्हतं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं, ती कशी पार होते.

"मला नाही लागत. तपासताना मी खडक बंद ठेवते, होडी फुटतच नाही. सगळेच ठेवतात. नाहीतर पुढची गावं तपासणार कशी?"

"बंद?" नबीला उठून उभी राहिली. "तेजू, कधीपासून?"

"असेल. पावसाळ्याच्या आधीपासून. काय झालं त्यात?"

"होडीचं वळण जड केलंस ते पावसाळ्यात."

बाहेर मासळीवाली ओरडत गेली. खालून कमळाने तिला काहीतरी विचारलं, भाव पटला नसावा.

"सातवं गाव कुणी बघितलंय?" नबीला म्हणाली. "तुझ्या-माझ्याशिवाय?"

"अजून कुणी तिथवर—"

"सगळा पाऊसकाळ मी त्या गावाला दिलाय. अम्मीच्या घराची कौलं एकेक काढली. गोदूचा बाप कुठे बसलेला असतो, त्याच्या पायाखालची वाळूसुद्धा. काका दुसऱ्या गावात आहेत तेजू. बंगळूरचा माणूस कुठपर्यंत जाईल?" तिने गादीवरचा कंट्रोलर उचलून तेजस्वीच्या मांडीवर ठेवला. "खेळ. ती कळ नाही. खडक चालू."

"नबीला, उद्या पाठवायचंय. आत्ता वेळ—"

"खेळ."

तेजस्वी खेळायला लागली. मी दाराला टेकून उभा होतो. माझं गाऱ्हाणं सुरू झालं आणि मला जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं. तिने होकार बरोबर दिले, ताल तिनेच बांधलेला होता. होडी पाण्यात गेली. वळणावर तिने अंगठा हलवला, होडी थांबली, विचारात पडली, वळली आणि वळतच राहिली. खडक. गोदू बुडाली, केस पसरले, तिरीप आली.

"सवय मोडलीये," तेजस्वी म्हणाली.

दुसऱ्या वेळीही तसंच. तिसऱ्या वेळी ती सुटली, चेहरा फुलला, "बघ!" म्हणाली, आणि धक्क्याला आपटली. घाट आल्यावर ती स्क्रीनकडे बघत राहिली. "मागे इथवर येतं? मी हे दुसऱ्या गावातच थांबवायचं ठरवलं होतं."

"ठरवलं होतंस," नबीला म्हणाली. "केलं नाहीस."

पुन्हा गाऱ्हाणं. आता तिचा होकार चुकला. मी खाकरलो. तिचा जबडा हलला. पुन्हा चुकला. कमळाने खालून चहाला हाक मारली, कुणी ओ दिली नाही. मी तेजस्वीचा चेहरा बघत होतो. आधी जिद्द होती, मग राग, मग ओठ असे एका बाजूला ओढले गेले. मला ते ओळखीचं होतं. वाढलेल्या पानात केस निघाला की माणसाचं तोंड असं होतं. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

"शी!" ती म्हणाली. कंट्रोलर तिने हळूच खाली ठेवला, आपटला नाही. "शी. हे मी केलंय?"

"चित्रां मी केल्यात," नबीला म्हणाली. ती रागावलेली होती आणि रडतही होती. "आणि इतके दिवस मलाही माहीत होतं. पहिल्या गावाच्या पुढे मीही कधी गेले नाही. तुला सांगितलं नाही. वाटलं, तू म्हणशील, हिला खेळातलं काय कळतं."

तेजस्वी उठली. बंगळूरला फोन लावत गॅलरीत गेली. इंग्रजीत बोलत होती, आधी पटपट, मग नुसतं 'येस', 'येस', 'आय अंडरस्टँड'. मी आणि नबीला आत उभे. मला वाटत होतं, मी बोललो नसतो तर उद्या गेम गेला असता, आणि कोण जाणे, त्या माणसाची बोटं चांगली असती, त्याला आवडलाही असता. हा विचार अजूनही अधूनमधून येतो.

ती आत आली. "म्हणाले, मग पुढच्या खेपेला बघू. चार-सहा महिने तरी. वचन काही दिलं नाही."

"घरी काय सांगू?" नबीला म्हणाली.

"सांग, होडी दुरुस्तीला काढल्ये. तुझ्या अब्बूंना तेवढं कळेल."

नबीला नाक पुसत हसली. तेजस्वी माझ्याकडे वळली. तिच्या नजरेत माया नव्हती. "तुम्ही इतके दिवस बोलला का नाहीत काका? रविवारी सांगितलं असतंत तर काहीतरी करता आलं असतं."

"मला वाटलं, माझी बोटं मंद आहेत."

"आहेतच मंद," ती म्हणाली. "तीच पाहिजेत मला."

खाली जाऊन मी चहा प्यायलो. कमळाने दुसरा कप भरला. तो संपेपर्यंत वरून हाक आली. मी गेलो. तेजस्वीने काहीतरी बदललं होतं. अजून कच्चं आहे म्हणाली, नुसतं वळण हलकं केलंय आणि गाऱ्हाण्याला पुढे जायची कळ दिलीये.

"बसा. आणि एक गोष्ट. छान म्हणायचं नाही. किळस आली की तिथेच थांबायचं आणि कुठे आली ते सांगायचं."

मी गादीवर बसलो, कंट्रोलर हातात घेतला. स्क्रीनवर तोच घाट, तीच सकाळ, पाण्यावर तोच सोनेरी चुरा. मी अंगठा उचलला.

"आली," मी म्हणालो.

"अहो, अजून सुरूही नाही झाला!"

"तरी आली."

नबीला हसली. तेजस्वी हसली नाही. तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली, स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कशाने आली? नीट सांगा."

"त्या पाण्याच्या आवाजाने," मी म्हणालो. "आणि तो घाट. फारच स्वच्छ आहे. एवढ्या माणसांची ये-जा असलेला घाट इतका स्वच्छ नसतो."

"बरं," ती म्हणाली. "पुढे."

मी अंगठा हलवला.